न बोलणारी चौकट

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. मोर्शी येथील तहसील कचेरीच्या परिसरात झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि मोबाइल दुरुस्ती ही तिन्ही कामे एकाच टेबलावर करणारी जी दुकाने आहेत, त्यांपैकी एका दुकानात माझ्या परिचयाचे एक निवृत्त संगीत-शिक्षक बसलेले दिसले. त्यांची दृष्टी जाऊन बरीच वर्षे झाली. परंतु मोबाइल ते सराईतपणे वापरतात. पडद्यावर बोट फिरवावे आणि बोटाखालचा मजकूर फोनने वाचून दाखवावा, अशी सोय आज साध्या फोनमध्येही असते. त्या सोयीच्या बळावर गुरुजी रोजचे वृत्तपत्र ऐकतात, बँकेचे संदेश ऐकतात, पुण्यास असलेल्या नातवाशी पत्रव्यवहार करतात. असा मनुष्य अर्ज भरण्यासाठी परक्याच्या दारात का बसावा, याचे मला नवल वाटले.

कारण विचारले तेव्हा त्यांनी जे सांगितले ते असे. एका योजनेच्या अर्जाचे ॲप त्यांनी घरीच उघडले होते. पहिल्या चौकटीवर बोट ठेवले, फोन म्हणाला, ‘एडिट बॉक्स’. दुसऱ्या चौकटीवर ठेवले, पुन्हा ‘एडिट बॉक्स’. तिसऱ्या ठिकाणी तेच. कोणती चौकट नावाची, कोणती जन्मतारखेची, कोणती खाते क्रमांकाची, हे फोनने सांगितलेच नाही. कारण ते त्यालाही कोणी सांगितलेले नव्हते. गुरुजींनी अंदाजाने माहिती भरली आणि तळाचे बटण दाबले. पुढे काहीच घडले नाही. पडद्यावर एका चौकटीची कडा लाल झाली होती, असे नंतर शेजारच्या मुलीने सांगितले. लाल रंग कानाला ऐकू येत नाही.

‘‘गुरुजी, द्या इकडे फोन, मी भरून देतो न,’’ दुकानातील तरुण आदराने म्हणाला आणि दोन मिनिटांत अर्ज पाठवून मोकळा झाला. मात्र त्या दोन मिनिटांत गुरुजींचा आधार क्रमांक, बँकेचे खाते आणि फोनवर आलेला ओटीपी हे सर्व एका परक्या हाती गेले. तरुण प्रामाणिक होता, म्हणून काही बिघडले नाही. परंतु नागरिकाची सुरक्षितता दुकानदाराच्या प्रामाणिकपणाच्या योगायोगावर सोपविणारी व्यवस्था शहाणपणाची म्हणता येईल काय? ज्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांना स्वतःच्या गळ्याने गायला शिकविले, त्याला स्वतःच्या बोटाने स्वतःचे नाव लिहिता येऊ नये, यात दोष कोणाचा? दृष्टीचा खासच नव्हे. दोष त्या न बोलणाऱ्या चौकटीचा आहे.

अर्ज हाच उंबरठा

वरवर पाहता हा विषय यंत्रज्ञांचा वाटेल. परंतु अर्ज ही आपल्या सार्वजनिक जीवनातील किती मूलभूत वस्तू आहे, याची जाणीव महाराष्ट्रातील शेतकऱ्याइतकी क्वचितच कोणाला असेल. राज्याचा नागरिकांशी येणारा बहुतेक संबंध कोणत्या ना कोणत्या नमुन्यातून येतो. आपण ज्याला सातबारा म्हणतो तो वस्तुतः दोन नमुन्यांचा जोड आहे: गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. महसूल खात्याने गावच्या कारभारासाठी असे एकवीस नमुने ठरवून दिले. तलाठी बदलला, तालुका बदलला, तरी नमुन्यातील रकाने बदलत नाहीत. म्हणूनच मोर्शीचा सातबारा मालवणच्या कारकुनालाही वाचता येतो. एकदा विचारपूर्वक आखलेला रकाना सहस्र ठिकाणी पुन्हा वापरावयाचा, हे तत्त्व आपल्या प्रशासनाला संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली, तेव्हा या नमुन्यांच्या इतिहासात एक मोठे स्थित्यंतर झाले. गाव नमुना बारा भरण्याचे जे काम पूर्वी तलाठी करीत असे, ते शेतकऱ्याच्या हातातील मोबाइलवर आले. गट क्रमांक निवडावा, हंगाम निवडावा, पीक व क्षेत्र भरावे, सिंचनाचे साधन सांगावे आणि शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे, असा हा क्रम. आपल्या पिकाची नोंद आपणच करावी, ही कल्पना निःसंशय लोकशाहीची आहे. मोर्शी-वरूडच्या संत्रा पट्ट्यात तर तिचे महत्त्व अधिकच. कारण गारपीट झाली, फळगळ झाली किंवा बहर हातचा गेला, तर पुढचा सर्व व्यवहार नोंदीवर अवलंबून असतो. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की, लेखणी तलाठ्याच्या हातून शेतकऱ्याच्या हाती गेली, तेव्हा ती त्याच्या हातात मावते की नाही हे पाहण्याची जबाबदारीही राज्यावर आली. तलाठी शिकलेला, सवयीचा, चष्मा लावून टेबलाशी बसलेला असे. आता अर्जदार भर उन्हात बांधावर उभा आहे. त्याच्या डोळ्यांत कदाचित मोतीबिंदू आहे, बोटांना कामाने भेगा पडल्या आहेत आणि मोबाइलचा पडदा उन्हात काळा दिसतो आहे. अशा माणसाला गृहीत धरून चौकट आखली गेली नाही, तर अधिकार कागदावर त्याचा आणि प्रत्यक्षात दुकानदाराचा, अशी स्थिती होते.

खिळे आणि घडण

ही चौकट नीट आखणे म्हणजे नेमके काय करणे? जुन्या छापखान्याचे उदाहरण घेतले म्हणजे समजणे सोपे जाईल. जुळारी प्रत्येक शब्दासाठी नवे अक्षर कोरीत नसे. शिशाचे खिळे एकदा ओतलेले असत; तेच खान्यांतून उचलायचे, जुळवायचे, छपाई झाली की परत खान्यांत टाकायचे. मोबाइलचे ॲप घडविणारेही आज असेच काम करतात. नाव लिहिण्याची चौकट, तारीख निवडण्याची चौकट, ‘होय-नाही’चे ठिपके, ‘पाठवा’चे बटण हे सर्व सुटे घटक एकदा तयार करून ठेवावयाचे आणि अर्ज कोणताही असो, त्यांतूनच जुळवावयाचे. खिळा सुबक असेल तर त्या छापखान्यातून निघणारे प्रत्येक पान सुबक. खिळाच तुटका असेल तर प्रत्येक पानावर तीच मोड. म्हणून एका घटकावर घेतलेले कष्ट शंभर अर्जांना पुरतात, आणि एका घटकातील हयगय शंभर अर्जांना भोवते.

चांगल्या घटकाची पहिली कसोटी ही की, त्याला नाव असले पाहिजे. ‘जन्मतारीख’ हा शब्द चौकटीच्या वर नुसता रंगवून चालत नाही. तो त्या चौकटीचा आहे, हे प्रोग्रामच्या भाषेत फोनला सांगावे लागते. पुष्कळ ठिकाणी हा शब्द चौकटीच्या आत फिकट अक्षरांत लिहितात आणि पहिले अक्षर टाइप करताच तो नाहीसा होतो. दृष्टिहीन मनुष्याचे तर सोडाच, ज्याची स्मृती वयाने थोडी मंद झाली आहे असा डोळस मनुष्यही मध्येच थांबतो आणि इथे काय लिहायचे होते, म्हणून चाचपडू लागतो.

दुसरी कसोटी अशी की, घटकाने आपण कोण व कोणत्या अवस्थेत आहोत हे सांगितले पाहिजे. बटणाचे केवळ चित्र काढले तर डोळ्याला ते बटण दिसते. फोनच्या लेखी ती भिंतीवर रंगविलेली खिडकी असते. आपण बटण आहोत, आपण निवडलेले आहोत किंवा नाही, आपल्यावाचून अर्ज पुढे जाणार नाही, एवढे प्रत्येक घटकाने बोलून दाखविले पाहिजे. तिसरी कसोटी चुकीची. चूक झाली तर कडा लाल करून भागत नाही. कोणती चूक, कोठे झाली आणि ती कशी सुधारावी, हे शब्दांत लिहिले पाहिजे, ते फोनने आपण होऊन वाचले पाहिजे आणि अर्जदाराला त्या चौकटीपाशी नेऊन सोडले पाहिजे. ‘माहिती अवैध आहे’ हे वाक्य कोणाच्याच उपयोगाचे नाही. ‘खाते क्रमांकात एक अंक कमी आहे’ हे वाक्य सर्वांच्या उपयोगाचे आहे.

मापेही ठरलेली आहेत. वेबसाठी सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय दंडक १९९९ पासून प्रसिद्ध होत आले आहेत, त्यांनुसार साधारण आकाराची अक्षरे व त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक असे प्रमाण असावे लागते. बोटाने दाबावयाची जागा सुमारे नऊ मिलिमीटर रुंद व तितकीच उंच असावी, अशी अँड्रॉइड फोनसाठी शिफारस आहे. वापरणाऱ्याने फोनची अक्षरे मोठी करून ठेवली असतील तर चौकटही तितकीच वाढली पाहिजे, मजकूर कापला जाता कामा नये. यांतील एकही गोष्ट अवघड नाही. फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह यांसारखी जी साधने आपले विद्यार्थी महाविद्यालयात शिकतात, त्यांत या सर्व सोयी आधीच आहेत. त्या वापरावयाच्या, एवढेच.

मराठीची वेगळी अडचण

मराठी अर्जांना आणखी एक दुखणे जडलेले असते. पडद्यावरील मजकूर मराठी आहे, हे फोनला सांगितले नाही तर तो इंग्रजी आवाजात मराठी वाचू लागतो, नाही तर मुकाट्याने पुढे सरकतो. मराठी बोलणारे संगणकीय आवाज आज उपलब्ध आहेत. दृष्टिहीनांसाठी ऑस्ट्रेलियातील दोघा दृष्टिहीन तरुणांनी २००६ पासून विकसित केलेला ‘एनव्हीडीए’ हा मोफत प्रोग्रामही मराठी वाचू शकतो. परंतु अर्जातील शब्द जर चित्राच्या रूपात चिकटविले असतील किंवा जुन्या, युनिकोडपूर्व टंकात लिहिले असतील, तर आवाज कितीही चांगला असला तरी त्याला वाचायला काही उरत नाही.

अंकांचेही तसेच. देवनागरी चार आणि इंग्रजी चार हे आपल्या मनाला एकच. संगणकाच्या लेखी ती दोन निराळी चिन्हे आहेत. मराठी कळफलक वापरून कोणी आपले वय देवनागरी अंकांत लिहिले आणि घटक केवळ इंग्रजी अंक ओळखणारा असला, तर मराठी अर्ज मराठी अंकांना नाकारतो, असा चमत्कारिक प्रसंग ओढवतो. घटक घडविणाऱ्याने चार ओळी अधिक लिहिल्या असत्या तर तो टळला असता. अशा चार ओळी प्रत्येक ॲपसाठी नव्याने लिहिण्याची गरज पडू नये, हेच तर पुन्हा वापरता येणाऱ्या घटकाचे प्रयोजन आहे.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक व्यवहारी आक्षेप घेतला जातो. अशी माणसे किती? त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? मदतीला दुकाने आहेत, अंगणवाडी ताई आहेत, घरचे आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रातील होत्या. एवढी संख्या कोणत्याही मापाने थोडी नव्हे. आणि तीही अपुरी, कारण ती मोजली गेली तेव्हा कायद्यात अपंगत्वाचे प्रकार कमी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते एकवीस केले. शिवाय चष्मा घरी विसरलेला शिक्षक, हाताला प्लास्टर असलेला विद्यार्थी, कडेवर मूल घेऊन एका हाताने फोन धरणारी माउली, यांची नोंद कोणत्याही जनगणनेत होत नाही. अपंगत्व हा माणसामाणसांतला कायमचा भेद नव्हे. आयुष्यात केव्हा तरी आपण सर्वच त्या रांगेत उभे राहतो.

इतिहासही हेच सांगतो. ज्या टंकलेखन यंत्रावर आपल्या कचेऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पोट भरले, त्याच्या अगदी आरंभीच्या अवतारांपैकी एक इटलीतील पेलेग्रिनो तुर्री याने १८०८ च्या सुमारास आपल्या एका दृष्टिहीन मैत्रिणीला स्वतःच्या हाताने पत्रे लिहिता यावीत म्हणून तयार केला होता. एका व्यक्तीच्या खाजगी पत्रांसाठी झालेला तो खटाटोप पुढे साऱ्या जगाच्या कारभाराला उपयोगी पडला. अडचणीत असलेल्यासाठी केलेली सोय सर्वांची सोय होते, असाच अनुभव वारंवार येतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. घटक उत्तम केले म्हणजे अर्ज उत्तम होतो काय? नाही. उत्तम विटांनीही दार नसलेले घर बांधता येते. प्रश्न उलटा विचारला, ‘आपल्या कुटुंबात कोणी अमुक लाभ घेत नाही ना?’ असे विचारून खाली ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन ठिपके ठेवले, तर डोळस, सुशिक्षित मनुष्यही गोंधळतो. मग ते ठिपके कितीही स्पष्ट उच्चारले जावोत. ओटीपीची मुदत अर्ध्या मिनिटाची ठेवली, तर संदेश ऐकून आकडे लिहिणाऱ्याची मुदत लिहिण्यापूर्वीच संपते. वाकड्यातिकड्या अक्षरांचे चित्र दाखवून ‘ही अक्षरे ओळखा’ म्हटले आणि ती ऐकण्याची सोय ठेवली नाही, तर दृष्टिहीनाला आपण मनुष्य असल्याचे सिद्ध करता येत नाही! म्हणून घटकांच्या बरोबरीने भाषेचा, क्रमाचा आणि मुदतीचाही विचार झाला पाहिजे. तो शेवटी माणसांनीच, आणि अर्जदारांना शेजारी बसवूनच, करावयाचा आहे.

कायदा आहे, कृती हवी

या बाबतीत कायद्याची उणीव आहे असेही नाही. २०१६ च्या कायद्याचे ४२ वे कलम माहिती व दळणवळणाची साधने अपंगांना सुगम असावीत यासाठी उपाय योजण्याची जबाबदारी शासनावर टाकते. भारतीय मानक ब्यूरोने ‘आयएस १७८०२’ हे मानक दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक असून भागणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत, असे स्पष्ट केले. पाठोपाठ ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणाच्या निकालात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीवनाच्या अधिकाराचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्ती आणि दृष्टिहीन नागरिक न्यायालयात गेले होते. कारण ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यापुढे पापणी मिटून उघडून दाखवा, असे मोबाइल त्यांना सांगत होता. पापणी मिटता येत नाही म्हणून बँकेचे खाते नाही! अर्जाची चौकट किती निर्दय होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. आणि ती निर्दयता कोणी जाणूनबुजून केलेली नसते, हे त्यातील खरे दुःख आहे.

तेव्हा आता करावयाचे ते असे. ब्रिटनने २०१८ मध्ये आपल्या सरकारी संकेतस्थळांसाठी तयार घटकांचा संच सर्वांना खुला केला. कोणतेही खाते त्यातून उचलून अर्ज जुळवू शकते. आपल्या केंद्र शासनानेही त्या दिशेने पावले टाकली आहेत. महाराष्ट्राने मराठीसाठी असा एक संच तयार करावा आणि तो खुला ठेवावा. नाव, पत्ता, तारीख, गट क्रमांक, पिकाचे नाव, खाते क्रमांक, छायाचित्र या दहा-पंधरा घटकांवर एकदा मनापासून मेहनत घेतली, की खात्याखात्याने वेगळ्या ठेकेदाराकडून तीच चूक नव्याने विकत घेण्याचा प्रकार थांबेल. निविदेतच अशी अट असावी की, दृष्टिहीन, अल्पदृष्टी आणि हातांचे अपंगत्व असलेल्या व्यक्तींनी अर्ज स्वतः भरून पाहिल्यावाचून देयक मंजूर होणार नाही. आणि या तपासणीसाठी त्यांना योग्य मोबदला द्यावा. ते उपकार म्हणून नव्हे, तज्ज्ञ म्हणून बोलाविले गेले पाहिजेत.

असे तज्ज्ञ आपल्या जिल्ह्यात नाहीत काय? अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांच्या आश्रमात वाढलेली माला पापळकर ही दृष्टिहीन युवती २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. याचा अर्थ एवढाच नव्हे की, एका मुलीने जिद्दीने यश मिळविले. याचा अर्थ असा की, अर्जाच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना आता न पाहणारी माणसे असणार आहेत. भरणाऱ्याला जो अर्ज बोलून दाखवीत नाही, तो तपासणाऱ्यालाही बोलून दाखविणार नाही. तिने परीक्षेत आपले काम चोख केले. आता काम आपल्या संगणकांचे आहे. अमरावती, अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी दरवर्षी जे प्रकल्प करतात आणि कपाटात ठेवून देतात, त्यांतील काहींनी जरी असा एकेक मराठी घटक घडवून तो दृष्टिहीन व्यक्तीच्या हाती देऊन पाहिला, तरी त्या प्रकल्पांचे सार्थक होईल.

मोर्शी तालुक्यातच रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाची ती काशी. लीळाचरित्राची निर्मिती त्याच भूमीत झाली. तेथेच २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठात अध्यापनाला प्रारंभ झाला. नागदेवाचार्यांनी केशिराजांना संस्कृतात ग्रंथरचना करण्यापासून परावृत्त केले, अशी कथा महानुभाव परंपरेत सांगतात. कारण एकच: त्यामुळे साध्या, न शिकलेल्या म्हाताऱ्या बायका धर्मापासून वंचित होतील. ज्ञान मोठे की ते ज्याच्यापर्यंत पोहोचायचे ती म्हातारी मोठी, या प्रश्नाचे उत्तर रिद्धपूरच्या परंपरेने सातशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. सरकारी अर्जांतील प्रत्येक चौकटीसाठी सोपा, निःसंदिग्ध मराठी शब्द ठरविण्याचे काम त्या विद्यापीठाने हाती घेतले, तर ते त्याच परंपरेला धरून होईल.

परवा गुरुजी पुन्हा भेटले. त्या अर्जाचे पुढे काय झाले, असे विचारले. मंजूर झाला म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, ‘‘मंजूर झाला; पण मी भरला असता तर बरे वाटले असते.’’ एवढेसे मागणे आहे. ते पुरविण्यासाठी नवी योजना नको आणि नवा कायदाही नको. चौकटीला तिचे नाव द्यावयाचे आहे आणि ते तिला बोलता येईल अशी व्यवस्था करावयाची आहे.